सेकंड माल

नारळाला झावळ्या किती, मला विचारा.
नऊ.
डावीकडं पाच, उजवीकडं चार,
खोडापाशी एक कासव, डोकं वर काढलेलं.
समुद्र तीस बाय साठ इंच.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये मी रोज
असे दोनशे समुद्र कापते,
चारी काठ दुमडून शिवते,
म्हणजे पाणी बाहेर सांडायला नको.
हे शेवटचं राजमौळी मास्तरांचं.
वर्षातनं एवढा एकच विनोद करतात.

बाहेर त्रेचाळीस. पत्र्याखाली किती, कुणी मोजत नाही.
रुई उडते, भुवयांवर बसते,
संध्याकाळी आम्ही सगळ्याजणी म्हाताऱ्या होऊन घरी जातो
आणि नळाचा दिवस असेल तर
तोंड धुऊन परत तरुण होतो.
नळाचा दिवस पाचवा.

माझा वेणुगोपाळ त्या बेटावर आहे.
नाव सांगितलं होतं त्यानं, जिभेवर राहत नाही.
आधी मोठं विमान, मग लहान, मग होडी.
हॉटेलात खोल्या आवरतो.
पाण्यावर उभ्या खोल्या,
पायाखाली काच, काचेखाली मासे.
लोक तिथं दहा दिवस काहीच न करायला येतात
आणि त्याचे पैसे देतात, म्हणाला.
मी म्हटलं, नीट विचार रे, घेत असतील.

एकदा फोनवर हंस दाखवला.
टॉवेल पिळून, मान वळवून, पलंगावर बसवलेला.
"अम्मा, चूडू."
मी हंस नाही बघितला.
शेपटीजवळ काठ उलटला होता, तिथं बघितलं.
दोन टाके मागं, एक पुढं, मग गाठ.
अशी गाठ अख्ख्या शेडमध्ये मीच मारते.
दोरा वाया जातो म्हणून मास्तर ओरडतात.

बोलले काही नाही. रेंज गेली म्हटलं.

मग आठवड्यानं त्याचाच फोन.
गुरुवारी पाहुण्यांसमोर ढोल असतात, नाच असतो,
आणि बेटावरची एक म्हातारी
झावळीची चटई विणून दाखवते.
एक वर, एक खाली, दोन सोडून एक.
तिची पट्टी निसटली
तसा ह्याचा हात आपोआप पुढं गेला.
पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबानं डोळे वटारले.
म्हातारीनं जाताना हातावर सुका मासा ठेवला.
भाताबरोबर खाल्ला, म्हणाला,
चटणी संपलीय, पाठव.

समुद्रात गेलास का रे?
पाहुणे असेपर्यंत नाही, अम्मा.
आणि नसतात कधी?
नुसता हसला.

मे महिन्यात दोन दिवस लाईट नव्हती, शेड बंद.
मी, सत्तेम्मा आणि तिची सून
टमटम करून हिप्परग्याच्या तलावावर गेलो.
कडक भाकरी, शेंगाची चटणी, एक टरबूज,
ते सुनेनं मांडीवर बाळासारखं धरलेलं.
तलाव आटत आलेला, काठाला भेगा,
मधे बेटासारखा एक उंचवटा,
त्यावर चार बगळे, कडेला कुणाची तरी म्हैस.
मी सेकंड मालातला टॉवेल नेला होता,
किलोवर देतात तो.
रंग सरकलेला, कासव डोक्याविना.
उलटा अंथरला.
उलट्या बाजूला समुद्र पांढरा असतो आणि बेट निळं.
तिकडच्या लोकांनी कधी उलटून बघितलंय की नाही,
कुणास ठाऊक.

उताणी पडले. काहीच केलं नाही.
वीस मिनिटं असतील.
सत्तेम्मा म्हणाली, चल, पैसे काढ.

हसून हसून ठसका लागला तिला,
सून पाठीवर थापट्या मारत बसली.
मी लुगडं वर खोचलं
आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात गेले.
पहिलं पाऊल माझं. पुढची त्याच्या वाटची.
खाली चिखल गार होता, बोटांमधनं वर येत होता.
तेवढ्यात म्हैस बाहेर निघाली.
तिला वाट दिली.